सणावारी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्याव्यात की गर्भनिरोधक गोळ्या सलग घेऊन पाळीच टाळावी?

अबोली

माझे वय 31 वर्षे आहे, मुलगा चार वर्षांचा आहे आणि तूर्त दुसरे मूल नको आहे. सासर कोकणात असल्यामुळे गणपतीत, विशेषतः गौरींच्या आवाहन, पूजन आणि विसर्जन या तीन दिवसांत, घरातल्या सुनांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. त्यात पाळी आली की देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही बंद, आणि सगळा भार एकट्या जाऊबाईंवर. त्यामुळे लग्न झाल्यापासून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याचा शिरस्ताच पडला आहे. औषधाच्या दुकानात नुसते सांगितले की खाकी पाकिटावर बॉलपेनने 1-1-1 असे लिहून पाच मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी विचारत नाही. गणपतीपुरता असलेला हा प्रकार आता नवरात्र, दिराचे लग्न, भाच्याची मुंज, वास्तुशांत असा वाढत चालला आहे. गोळ्या चालू असताना पोट फुगते, छाती दुखते, आणि बंद केल्यावर जी पाळी येते ती मला अक्षरशः आडवी करते.

एरवीही पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मला फार वेदना होतात. त्यासाठी नव्या डॉक्टरांनी नुकत्याच तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आहेत. पाकिटात 21 पांढऱ्या गोळ्या आणि शेवटच्या ओळीत सात गडद रंगाच्या गोळ्या आहेत. अजून सुरुवात केलेली नाही. कार्यालयातील एक मैत्रीण म्हणते की त्या सात गोळ्या सोडून लगेच दुसरे पाकीट सुरू केले तर पाळी येतच नाही आणि दर सणाला वेगळे औषध घ्यावे लागत नाही. हे खरे आहे का, आणि असे किती महिने करता येते? जाऊबाईंच्या मते पाळी अडवली की रक्त आत साचून गाठी होतात. आईला भीती वाटते की पुढे दिवस राहणार नाहीत. ज्यांना नीट माहिती असेल त्यांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ

मी सांगली भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. येथे लिहिलेले सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. तपासणी केल्याशिवाय कोणालाही औषध सुचवणे योग्य नाही.

आपल्याकडे या दोन्ही गोळ्यांना सरसकट "पाळीच्या गोळ्या" म्हटले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. तुम्ही सणाला घेता ती नॉरइथिस्टेरॉन नावाची, प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखे (हार्मोनसारखे) काम करणारी गोळी आहे. नैसर्गिक चक्रात शेवटच्या आठवड्यात शरीरातील प्रोजेस्टेरॉन उतरू लागते, गर्भाशयाच्या अस्तराचा आधार सुटतो आणि ते रक्तासह बाहेर पडते. बाहेरून हे संप्रेरक देत राहिले की अस्तर टिकून राहते आणि गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणूनच ही गोळी अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. आदल्या रात्री आठवण झाली तर बहुधा उपयोग होत नाही. साधारणपणे दिवसातून तीनदा पाच मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त दोन आठवडे असा तिचा वापर असतो. या पद्धतीने घेतल्यास तिने गर्भधारणा टळत नाही, ही गोष्ट अनेक जोडप्यांना ठाऊक नसते. शिवाय सुरू करण्यापूर्वी दिवस राहिलेले नाहीत ना, याची खात्री असायला हवी.

तुमच्या हातातील दुसऱ्या पाकिटात इस्ट्रोजेन हे दुसरे स्त्री-संप्रेरक आणि प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, असे दोन्ही घटक आहेत. या गोळ्या चालू असताना बीजांडकोशातून बीज सुटतच नाही आणि गर्भाशयाचे अस्तर मुळातच पातळ राहते. शेवटच्या सात गोळ्यांमध्ये संप्रेरक नसते. आपल्याकडच्या माला-एन आणि माला-डीच्या पाकिटात त्या लोहाच्या असतात. त्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो तो संप्रेरक थांबल्यामुळे होतो; ती नेहमीच्या अर्थाने पाळी नव्हे. म्हणून त्या सात गोळ्या वगळून पुढच्या पाकिटातील पांढऱ्या गोळ्या लगेच सुरू केल्या तर रक्तस्राव पुढे जातो. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेले तत्त्व बरोबर आहे.

जाऊबाईंच्या शंकेबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती रोज एखादी तरी रुग्ण विचारते. अस्तर जाड झालेच नाही तर बाहेर पडण्यासारखे काही तयार होत नाही. त्यामुळे साचणार तरी काय? सलग गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात महिनोन्‌महिने रक्त अडकून बसते, हे चित्र चुकीचे आहे. मात्र कोणतेही औषध न घेता, उदाहरणार्थ पीसीओएसमुळे (बीजांडकोशातून नियमित बीज न सुटण्याचा विकार), चार-चार महिने पाळी येत नसेल तर तो प्रकार अगदी वेगळा असतो. तिथे इस्ट्रोजेन चालूच असते आणि त्याला लगाम घालणारे प्रोजेस्टेरॉन नसते, त्यामुळे अस्तर जाड होत जाते आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाळी न येण्याच्या या दोन कारणांची सरमिसळ झाली की गोळी घेणारी उगाच घाबरते आणि जिला उपचारांची गरज आहे ती मात्र निर्धास्त राहते.

आईंना सांगावे की या गोळ्या बंद केल्यावर बीजनिर्मिती साधारणतः काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. सलग घेतल्या म्हणून त्यात फरक पडत नाही.

आता मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत पाकीट उघडू नये ही विनंती. तुम्ही धूम्रपान करता का? रक्तदाब अलीकडे मोजला आहे का? तुम्हाला, आईवडिलांना किंवा भावंडांना पायाच्या शिरेत अथवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास आहे का? आणि अर्धशिशी आहे का. असल्यास डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे काही दिसते का?

रानजाई

मी लीड्स येथे राहते आणि एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) बरीच वर्षे गर्भनिरोधक गोळ्या सलग घेत आहे. तेव्हा रुग्ण म्हणून काय करावे लागते ते सांगते.

मला सुरुवातीला सर्वांत जास्त आश्चर्य याचे वाटले की तो सात दिवसांचा खंड शरीराच्या गरजेतून आलेलाच नाही. 1960 मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा ती 20 दिवस घेऊन मग थांबायचे अशी रचना होती. दर महिन्याला रक्तस्राव दिसला की स्त्रियांना आपण गरोदर नाही याचा दिलासा मिळेल आणि औषध निसर्गाच्या विरुद्ध वाटणार नाही, असा त्यामागचा विचार होता. तो खंड कमी करण्याचा प्रयत्नही नवा नाही. 1977 मध्ये एडिंबरा येथील डॉक्टरांनी सलग 84 दिवस गोळ्या घेऊन मग थांबण्याची पद्धत स्त्रियांना दिली आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत 2003 मध्ये 84 दिवस सलग घ्यायच्या गोळीला, आणि 2007 मध्ये वर्षभर न थांबता घ्यायच्या गोळीला मान्यता मिळाली. ब्रिटनमधील लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट लिहिले की सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला कोणताही लाभ नाही. उलट खंड लांबला, म्हणजे नवे पाकीट सुरू करायला उशीर झाला, तर दिवस राहण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो.

व्यवहारात तीन रीती रूढ आहेत. काहीजणी तीन पाकिटे, म्हणजे 63 गोळ्या, सलग घेऊन चार किंवा सात दिवस थांबतात. काहीजणी कधीच थांबत नाहीत. मी तिसऱ्या पद्धतीने घेते: किमान 21 गोळ्या सलग झाल्यानंतर, जेव्हा तीन-चार दिवस सतत रक्तस्राव होईल तेव्हा चार दिवस थांबायचे आणि पाचव्या दिवशी रक्त थांबलेले असो वा नसो, पुन्हा सुरू करायचे. पहिल्या काही महिन्यांत मधूनच डाग पडतात आणि ते केव्हा पडतील याचा नेम नसतो. माझ्या मते बहुतेकजणी याच टप्प्यावर कंटाळून सोडतात. ज्यांनी पहिल्याच महिन्यात "आता पाळी कायमची गेली" अशा समजुतीने पांढरी वस्त्रे काढली, त्यांची फजिती ठरलेली. म्हणून गौरींसाठी ही पद्धत वापरायची असेल तर किमान तीन-चार महिने आधी सुरुवात करावी, म्हणजे डाग पडण्याचा काळ आषाढ-श्रावणातच उरकेल.

वेदनांच्या बाबतीत मात्र मला मिळालेला फरक शब्दांत सांगता येणार नाही इतका मोठा आहे. रक्तस्रावच झाला नाही तर त्याच्याबरोबर येणारी कळही येत नाही, इतके ते साधे आहे.

खलबत्ता

माझे साताऱ्यात औषधांचे दुकान आहे. अबोलीताईंनी 1-1-1 लिहिलेल्या पाकिटाचे जे वर्णन केले आहे ते वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. नॉरइथिस्टेरॉन हे चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. गणपती, नवरात्र आणि लग्नसराईच्या आधी त्याची मागणी एकदम वाढते आणि पुष्कळदा घ्यायला नवरा किंवा धाकटा दीर येतो. त्याला पाळीची तारीख विचारली तर तो संकोचून इकडेतिकडे पाहतो. अर्धशिशी किंवा गुठळीबद्दल त्याला काय विचारणार?

दोन गोष्टी दुकानाच्या अनुभवावरून सांगतो. पहिली अशी की सर्वच गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे सारखी नसतात. ज्या पाकिटातील सर्व संप्रेरक-गोळ्या एकाच रंगाच्या आणि एकाच मात्रेच्या असतात ती सलग घेणे सोपे असते. ज्यात दोन-तीन रंग आणि वेगवेगळ्या मात्रा असतात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकापुढे एक जोडू नयेत. माला-डीचे पाकीट घेऊन गेलेल्या एका ग्राहक ताई पांढऱ्या गोळ्या सोडून गडद रंगाच्या सात गोळ्याच "पाळी थांबवण्यासाठी" घेत होत्या. त्या केवळ लोह घेत होत्या.

दुसरी गोष्ट इतर औषधांची. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे चालू असतील तर यकृत या संप्रेरकांचा निचरा लवकर करते आणि गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरू शकते. गोळी घेतल्यानंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली नाही असे समजावे. साध्या प्रतिजैविकांनी मात्र असे होत नाही, तो जुना गैरसमज आहे.

गोदाकाठ

मी मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. वरची माहिती उपयुक्त आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे.

अबोलीताई, तुमच्या वेदनांसाठी औषध घेणे ही एक गोष्ट झाली आणि देवघरात जाता यावे म्हणून वर्षातून चार-पाच वेळा संप्रेरके घेणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र घरातील थोरांशी एकदा बोलून पाहायला काय हरकत आहे? आमच्याकडे अनेक घरांत आता पाळीतही नैवेद्याचा स्वयंपाक होतो आणि गौरी काही रुसून जात नाहीत. अर्थात, हे मी सांगणे सोपे आहे; सासरी तोंड तुम्हाला द्यायचे आहे.

आमच्या भागात हा प्रश्न सणापुरता नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यात बाईने एक दिवस खाडा केला तरी उचलीतून पैसे कापले जातात, फडावर ना आडोसा ना पाणी. या ओढाताणीत बीड जिल्ह्यातील कितीतरी तरुण बायकांची गर्भाशये काढली गेली आणि 2019 मध्ये राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ज्या बाईला पाळीचा त्रास औषधाने थांबू शकतो हे कधी कोणी सांगितलेच नाही, तिला शस्त्रक्रिया हा एकच मार्ग दिसतो. म्हणून पाळी टाळण्याच्या औषधांकडे शहरी चोचले म्हणून पाहणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्या देशात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण 57 टक्के होते. अशा बाईचे दर महिन्याचे रक्त वाचले तर ते तिच्या भल्याचेच आहे.

सरकारी केंद्रात माला-एन मोफत मिळते. तीन महिन्यांतून एकदा द्यायचे अंतरा इंजेक्शनही मिळते. वर्षभर घेतल्यावर सुमारे निम्म्या बायकांची पाळी बंद होते. पण ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला गोळ्यांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, त्यामुळे लवकर मूल हवे असणाऱ्यांना आम्ही ते सुचवत नाही. छाया ही आठवड्याची गोळी संप्रेरकांची नाही. तिने कधी पाळी लांबते, पण पाळी ठरवून पुढे ढकलण्यासाठी ती वापरू नये.

अबोली

सर्वांचे आभार. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. धूम्रपान नाही. बाळंतपणानंतर रक्तदाब मोजलेला आठवत नाही. वडिलांना किंवा भावाला गुठळीचा त्रास झालेला नाही. डोकेदुखी मात्र महाविद्यालयात असल्यापासून आहे आणि बहुधा पाळीच्या सुमारास उठते. कधी कधी त्याआधी डोळ्यांसमोर चमकणारी, करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ दिसू लागते, ती हळूहळू कडेला सरकत जाते, तेवढा वेळ वाचता येत नाही, आणि अर्ध्या तासात ती विरून गेली की एका बाजूचे डोके ठणकू लागते. पित्तामुळे होते असे घरी सगळे म्हणतात. गोळ्या लिहून देताना याबद्दल मला काही विचारले गेले नव्हते.

कृष्णाकाठ

बरे झाले की तुम्ही इतके नेमके वर्णन केले. हे पित्त वाटत नाही. डोकेदुखीपूर्वी अशी दृष्टीची लक्षणे असणारी अर्धशिशी असण्याची दाट शक्यता आहे. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत, मग त्या महिन्याच्या रीतीने घ्या किंवा सलग घ्या. कारण या प्रकारच्या अर्धशिशीत मेंदूतील रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघात होण्याचा धोका मुळातच थोडा अधिक असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालते. तुमच्या वयात हा धोका आकड्यांत लहान असतो, पण पर्याय उपलब्ध असताना तो पत्करण्याचे कारण नाही. ते पाकीट तसेच ठेवावे आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे सर्व, रेघेच्या वर्णनासह, सांगावे.

पुढचा भाग अनेक डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतो. नॉरइथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असते त्याच इस्ट्रोजेनमध्ये, रूपांतरित होतो. अगदी कमी मात्रेत त्याला महत्त्व नाही. पण दिवसाला 15 मिलिग्रॅम घेतले तर ते प्रमाण जवळजवळ एका गर्भनिरोधक गोळीच्या पातळीला पोहोचते. म्हणजे "ही साधी, फक्त सणापुरती गोळी" असे आपण समजतो ती तुमच्यासारख्या रुग्णांत, किंवा ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे त्यांच्यात, तितकी साधी नसते. खलबत्ता यांच्या दुकानात येणाऱ्या धाकट्या दिराला जे विचारता येत नाही, ते नेमके हेच.

इतर वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून आकडे देते. गोळ्या न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात, आणि ड्रॉस्पिरेनोन हे दुसरे प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्यांत नऊ ते बारा असते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ते याहून अधिक असते. निरोगी, रक्तदाब नियंत्रणात असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या तरुण स्त्रीला ही गोळी बिनदिक्कत देता येते. फक्त एका पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ, दृष्टी जाणे किंवा पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तुमच्यासाठी दोन पर्याय डॉक्टरांसमोर ठेवता येतील. एक म्हणजे रोज घ्यायची डायनोजेस्ट गोळी. ती विशेषतः एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांसाठी वापरतात, तिच्यात इस्ट्रोजेन नसते आणि काही महिन्यांत बहुतेकींचा रक्तस्राव अगदी कमी होतो. पण तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये, निरोध वापरावा. दुसरा म्हणजे गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे साधन. ते कॉपर-टीसारखे दिसते, पण परिणाम उलटा आहे: कॉपर-टीने रक्तस्राव वाढतो, तर याने तो हळूहळू कमी होतो आणि वर्षभरानंतर सुमारे एक पंचमांश स्त्रियांची पाळी येतच नाही. गर्भनिरोध पाच वर्षे किंवा त्याहून अधिक मिळतो, वेदनाही बऱ्याच कमी होतात. खर्च एकदम होतो आणि पहिले काही महिने डाग पडत राहतात, ही त्याची अडचण. त्याआधी तुमच्या वेदनांचे कारण एंडोमेट्रिओसिस आहे का, हे सोनोग्राफी व तपासणीने पाहायला हवे; ते अजून कोणी पाहिलेले दिसत नाही.

अबोली

गुरुवारची वेळ घेतली आहे. रक्तदाब आज शेजारच्या दवाखान्यात मोजून घेतला, तो 118/76 आला. जाऊबाईंनाही हा धागा वाचायला दिला. त्या म्हणाल्या की यंदा गौरींच्या वेळी पाळी आलीच तर पुरणाचे त्या पाहतील, भाज्या चिरायला मात्र मला बसवतील.

एक शेवटची शंका: ते साधन बसवल्यावर पाळी आलीच नाही तर दिवस राहिले आहेत की नाहीत हे कळणार कसे?

कृष्णाकाठ

साधन जागेवर असताना दिवस राहण्याची शक्यता वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी असते. तरीही मळमळ, छाती जड होणे असे काही जाणवले तर घरच्या घरी लघवीची चाचणी करावी. या संप्रेरकांमुळे तिचा निकाल बिघडत नाही. चाचणी होकारार्थी आली तर मात्र त्याच दिवशी दाखवावे, कारण साधन असताना राहिलेला गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत असण्याची शक्यता अधिक असते. साधनाचे दोरे योनीमार्गात हाताला लागतात, ते कसे तपासायचे हे बसवताना विचारून घ्यावे. गुरुवारी जाताना डोकेदुखीच्या तारखा आणि पाळीच्या तारखा एकाच कागदावर लिहून न्याव्यात.